केल्हाइम ते काळा समुद्र: स्वतःच्या बोटीतून डॅन्यूब उतरताना

डॅन्यूबवर बोट घेऊन जायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी नकाशावर दोन रंग भरून घ्या. धरणामागे अडलेलं पाणी एका रंगात, मोकळं वाहणारं पाणी दुसऱ्या रंगात. आमचं इंधन, वेळ, मुक्काम आणि थोडंफार भांडणसुद्धा याच दोन रंगांवर ठरत होतं.

आमची बोट म्हणजे जुनी, लोखंडी, डच बनावटीची मोटरबोट. लांबी दहा मीटरच्या आसपास, एकच डिझेल इंजिन, संथ पाण्यात ताशी अकरा-बारा किलोमीटर. जर्मनीत राहत असल्यामुळे माइन-डॅन्यूब कालव्यातून डॅन्यूबला लागणं सोयीचं होतं. 171 किलोमीटरचा हा कालवा 1992मध्ये पुरा झाला. तो बोटीला समुद्रसपाटीपासून 406 मीटर उंचीवर नेतो आणि पलीकडे उतरवतो. त्यातली तीन लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे दारांचे हौद, प्रत्येकी जवळजवळ पंचवीस मीटरची आहेत. तळाशी उभं राहून वर पाहिलं की काँक्रीटच्या ओल्या भिंती आणि आभाळाची पट्टी, एवढंच दिसतं. लॉकची सवय इथेच करून घ्या. पाणी सावकाश चढतं आणि तुम्ही बाहेरच्या जोरदार धारेत नसता.

केल्हाइमला कालवा डॅन्यूबला मिळतो आणि काठावरच्या पाट्यांवर आकडा दिसतो 2411. डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून नाही, मुखाजवळच्या सुलिनापासून मोजतात. रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगताना हाच आकडा लागतो, म्हणून सुकाणूशेजारी वही ठेवून दिसेल ती पाटी टिपत राहा. जीपीएस बंद पडलं तरी वही बंद पडत नाही.

केल्हाइमपासून समुद्रापर्यंत 18 लॉक लागतात आणि त्यांतली 15 व्हिएन्ना संपेपर्यंतच येऊन जातात. चेंबर इतके मोठे की मालवाहू जहाजाच्या मागे तुमची बोट कोपऱ्यात कुठेतरी मावते. मोठ्या जहाजाला आधी आत जाऊ द्या, त्याचा पंखा थांबेपर्यंत अंतर राखा आणि मगच आत शिरा. काही लॉकमध्ये पाण्याबरोबर वर-खाली होणारे खुंटे असतात. इतर ठिकाणी भिंतीतल्या खाचांमधल्या एकेका खुंट्यावरून दोर बदलत जावं लागतं. दोर खुंट्याला फक्त वळसा घालून हातात धरायचा, गाठ मारायची नाही. पाणी उतरत असताना गाठ आवळली, तर बोट भिंतीला लटकते. सुरी हाताशी असू द्या.

सुकाणू माझ्याकडे आणि दोर नवऱ्याकडे, अशी आमची वाटणी होती. इंजिनाच्या आवाजात पुढचं माणूस काय म्हणतंय ते मागच्याला ऐकू येत नाही, मग आवाज चढतो आणि त्याबरोबर पाराही. दोघांना कानात बसणारे वायरलेस हेडसेट घ्या. या प्रवासात पैसे वसूल करणारी दुसरी वस्तू मला आठवत नाही.

आता मोकळ्या पाण्याकडे. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, मग मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा टप्पा आणि व्हिएन्नाच्या खाली ब्रातिस्लाव्हाच्या दिशेनं, इथे नदी बांधलेली नाही. वाखाऊत पाणी बरं असेल तर धार ताशी आठ-दहा किलोमीटर असते. खाली जाताना बोट न मागता वीसच्या वेगानं पळते, द्राक्षमळे आणि ड्युर्नस्टाइनचा पडका किल्ला झपाट्यानं मागे पडतात. इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192मध्ये इथेच कैदेत होता. याच पाण्यातून वर यायचं म्हटलं तर आमच्यासारख्या बोटीला पुढे सरकायला ताशी दोन-तीन किलोमीटर उरतात. म्हणून परतीचा निर्णय घरून निघण्याआधी घ्या. इंजिन मोठं नसेल, तर डॅन्यूब एकाच दिशेची नदी आहे असं समजून चाला.

खाली उतरतानाही धक्क्याला लागायचं ते प्रवाहाकडे तोंड करूनच. मुक्कामाची जागा ओलांडून थोडं पुढे जायचं, वळायचं आणि प्रवाहाविरुद्ध हळूहळू धक्क्याकडे सरकायचं. धारच ब्रेक लावते. क्रूझ जहाजांच्या तरंगत्या धक्क्यांना लागू नका. 135 मीटरचं जहाज आलं की तुम्हाला रात्री दोन वाजताही उठवतात. लहान क्लबांची बंदरं शोधा, तिथे वीज, पाणी आणि गप्पा तिन्ही मिळतं.

नियमांचं थोडं. वीस मीटरपेक्षा लहान बोटीनं मोठ्या जहाजांच्या वाटेतून बाजूला व्हायचं, हा पाया. वर येणारं जहाज निळी पाटी आणि लुकलुकता पांढरा दिवा दाखवतं, तेव्हा त्याला नेहमीच्या उलट्या बाजूनं, म्हणजे उजवीला उजवी ठेवून जायचं असतं. ते लांबूनच ओळखा. खाली जाताना लाल बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, उजवीकडे आणि हिरवे डावीकडे ठेवायचे. युरोपातल्या समुद्री बंदरांत शिरण्याची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला उलटं वाटतं. कागदपत्रांत अंतर्देशीय जलमार्गांच्या शिक्क्यासह आंतरराष्ट्रीय परवाना, रेडिओचा परवाना, एटीआयएस (बोटीची ओळख आपोआप पाठवणारी सोय) असलेला रेडिओ, विमा, नोंदणी आणि सेवनी, म्हणजे युरोपातल्या अंतर्देशीय जलमार्गांच्या, नियमांची प्रत हवी. शिवाय बोटीच्या नावाचा रबरी शिक्का करून घ्या! सर्बियापासून पुढे प्रवाशांच्या यादीच्या प्रती ढिगानं लागतात आणि शिक्का मारलेल्या कागदाकडे अधिकारी अधिक प्रेमानं बघतात.

व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट यांच्याबद्दल लिहिलेलं भरपूर आहे. बोटवाल्यांसाठी एवढंच, की बुडापेस्टच्या मध्यात संध्याकाळी जाऊ नका. क्रूझ जहाजं, फेऱ्या मारणाऱ्या बोटी आणि त्यांच्या लाटा पुलांखाली एकमेकांवर आदळत राहतात. सकाळी लवकर पार व्हा.

स्लोव्हाकियातलं गाबचिकोव्हो लॉक पार केलं की जवळजवळ 875 किलोमीटर एकही लॉक नाही. हंगेरीचा सखल प्रदेश, वाळूचे दांडे, झाडीनं झाकलेली बेटं. काही जणांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला तोच सगळ्यात आवडला. बेटांच्या आडोशाला नांगर टाकून राहता येतं. मात्र पाणी एका रात्रीत हातभर उतरू शकतं, तेव्हा बोटीखाली भरपूर पाणी ठेवून थांबा आणि काठावर एक काठी रोवून खूण करा. सकाळी चहाआधी ती काठी बघायची.

हंगेरीतून बाहेर पडायचं ते मोहाचला. पुढे काही अंतर उजवा काठ क्रोएशियाचा आणि डावा सर्बियाचा. क्रोएशिया 2023पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, सर्बिया नाही. मोहाचला बाहेर पडल्याचा शिक्का मारून सर्बियाकडे निघालात, की मधे मनाला येईल तिथे क्रोएशियाच्या काठाला लागायचं नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांनी सर्बियाच्या प्रवेशाचे नियम निघण्याआधी दूतावासाकडून पक्के करून घ्यावेत. नदीवरच्या चौकीत वाद घालून काही निघत नाही.

नोव्ही सादला पेत्रोवारादिन किल्ल्याच्या घड्याळाकडे नीट बघा. त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटं, कारण नदीवरच्या माणसाला लांबून तास कळणं जास्त गरजेचं होतं. नावाड्यांचा इतका विचार केलेलं दुसरं घड्याळ माझ्या पाहण्यात नाही.

बेलग्रेडनंतर पाणी पुन्हा संथ होतं, आयर्न गेटच्या धरणाचा फुगवटा इथवर पोचलेला असतो. गोलुबाच किल्ल्यापाशी नदी एखाद्या सरोवराएवढी रुंद होते आणि मग डोंगरांत शिरते. कझानच्या खिंडीत ती दीडशे मीटरपर्यंत आवळते. उजव्या काठावर रोमन सम्राट ट्राजनचा शिलालेख आहे, डाव्या काठावर दाकियाचा राजा देकेबालुस याचा चाळीस मीटर उंच चेहरा. चेहरा प्राचीन वाटतो, पण तो 1994 ते 2004 या काळात कोरलेला आहे. धरण होण्याआधी इथली धार अशी होती, की 1896मध्ये खोदलेल्या सिप कालव्यातूनही वर जाणाऱ्या जहाजांना काठावरच्या रुळांवरून वाफेचं इंजिन ओढत असे. आदा काले हे तुर्की वस्तीचं बेट 1970च्या सुमारास पाण्याखाली गेलं. त्याच्यावरून बोट नेताना खोलीमापकावर फक्त आकडे बदलतात.

इथला धोका धारेचा नसून वाऱ्याचा आहे. कोशावा नावाचा आग्नेयेचा वारा खिंडीतून प्रवाहाच्या विरुद्ध सुटतो आणि त्या रुंद पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठवतो. शरदापासून त्याचा जोर वाढतो. ऑगस्ट संपायच्या आत इथून निघून जा आणि हवामानाच्या अंदाजात कोशावाचं नाव दिसलं तर गोलुबाचच्या वरच थांबा.

दोन आयर्न गेट लॉक उतरलं की पुन्हा मोकळी नदी, थेट समुद्रापर्यंत. प्राहोव्होजवळ 1944मध्ये बुडवलेल्या जर्मन जहाजांचे सांगाडे उथळ पाण्यात वर दिसतात, तेव्हा बोयांच्या आतच राहा. डावीकडे रोमानिया, उजवीकडे बल्गेरिया. बोटींसाठी पंप विरळ, म्हणून डिझेल कॅनमधून रस्त्यावरच्या पंपावरून आणावं लागतं. घडीची हातगाडी बरोबर घ्या. डास तर असे, की सूर्य मावळल्यावर स्वयंपाक जाळीच्या आतच. आम्ही पोहे नाहीतर खिचडी उजेड असतानाच उरकत होतो.

गलातीच्या पुढे डाव्या काठावर मोल्दोवाची चिमूटभर किनारपट्टी आणि मग युक्रेन आहे. युद्ध चालू असताना त्या बाजूला मौजेसाठी जाणं आम्हाला पटलं नाही. आम्ही चेर्नावोडापासून, 1984मध्ये सुरू झालेल्या 64 किलोमीटरच्या कालव्यानं कॉन्स्टान्त्साकडे उतरलो. मुखाकडच्या वाटेपेक्षा तो सुमारे 400 किलोमीटर वाचवतो आणि त्याची दोन लॉक मात्र वेगळी मोजावी लागतात.

परतीसाठी बोट ट्रकवर चढवायची असेल तर क्रेन आणि ट्रक उन्हाळ्यातच ठरवा. बोटीची रुंदी 2.55 मीटरपेक्षा जास्त असेल तर रस्त्यावर विशेष परवाना लागतो आणि तो वाटेतल्या प्रत्येक देशाकडून घ्यावा लागतो. छप्पर, दिवे आणि रडारचा खांब आधीच उतरवून ठेवा. उंची मोजायची ती बोट ट्रकवर चढल्यावर.