नावापुरती माझी

तुम्ही विचारलंत म्हणून. म्हणजे इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलंत की आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे करीन. प्रश्न साधारण असा असतो: "तुमच्या नावाची गिटार निघाली, दोन वर्षं स्टेजवर वाजवलीत, मग एकदम बंद का? कंपनीशी वाजलं का?" आणि त्याला शेपूट म्हणून, "बाकी अकरा अकरा गिटार लागतात कशाला, आणि त्यातली आवडती कोणती?"

अकराचं आधी उरकते. कामाच्या सहा. एक टेलिकास्टर, फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, २५.५ इंची स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), सिंगल कॉइल (तारेचा आवाज उचलणारा एका वेटोळ्याचा पिकअप), तिचा टोकदार आवाज दुसऱ्या कशातून निघत नाही. एक हमबकरवाली, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपची, २४.७५ इंची, तिच्याबद्दल पुढे येणारच आहे. एक बॅरिटोन, खालच्या सुरांची, २७ इंची, पार्श्वसंगीताच्या रेकॉर्डिंगला लागते. एक बारा तारांची, एक नायलॉनच्या तारांची. आणि एक कायम ओपन जी मध्ये, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड निघेल अशी, लावलेली, कारण दोन गाण्यांच्या मधे ट्यूनिंग बदललं की तारांचा ताण बदलतो, नेक, म्हणजे गिटारची मान, जराशी हलते, आणि मग पुढची पाच मिनिटं गिटार रुसल्यासारखी सुरातून सरकत राहते. उरलेल्या पाच हौसेच्या. हो, हौसेच्या. "सुताराला विचारता का, एवढे रंधे कशाला" हे उत्तर मी वर्षानुवर्षं तोंडावर फेकत आलेय आणि ते निम्मं खोटं आहे. सुतार रात्री रंधा भिंतीवर टांगून बघत बसत नाही.

त्यात गंमत म्हणजे पंचविशीत मीच एका मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं की खऱ्या वादकाला एक गिटार पुरते. दाखला अमेरिकी गायक विली नेल्सनचा. त्याची 'ट्रिगर', मार्टिन कंपनीची एन-२० गिटार, १९६९ पासून तीच, वाजवून वाजवून लाकडाला भोक पडलं तरी तीच. ते कात्रण अजून लोक मला दाखवतात. आता माझं म्हणणं असं की नेल्सन नेल्सनची गाणी वाजवतो, मला आज याचं आणि उद्या त्याचं वाजवायचं असतं, प्रत्येकाला वेगळा आवाज हवा. पंचविशीतली ती पोरगी यावर काय म्हणाली असती हेही मला माहितीये. म्हणाली असती, कारणं सांगू नकोस.

असो. मुद्द्याची गिटार.

माझ्याकडे जी हमबकरवाली आहे तिला मी थोरली म्हणते. वापरलेलीच घेतली होती, माझ्या आधी किमान दोघांनी वाजवलेली. हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, एकदा तुटून चिकटवलेला, तोही माझ्याच हातून, स्ट्रॅप नीट न अडकवल्यामुळे. तिची नेक जाड आहे. म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) २४.५ मिलिमीटर, हातात धरलं की दांडकं धरल्यासारखं वाटतं. हा जाड-पातळचा वाद जुनाच आहे, गिब्सन कंपनीने १९६० साली आपल्या लेस पॉल या गिटारची नेक पातळ केली तेव्हापासून दोन पार्ट्या आहेत. पण मी बाई, हात लहान, म्हणून सगळे धरून चालतात की मला पातळ नेक सोयीची. उलट आहे. पातळ नेकवर माझा अंगठा मागून चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो आणि दोन तासांच्या कार्यक्रमानंतर अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो. जाड नेक तळवा भरून टाकते, अंगठ्याला दाबायला लागतच नाही. हा माझा हात आहे, सगळ्या बायकांचा नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल.

तर सिग्नेचर मॉडेलचं, म्हणजे माझ्या नावाने निघणाऱ्या गिटारचं, बोलणं आलं तेव्हा मी एकच अट घातली. पिकअप तुम्हाला हवे ते लावा, रंग कुठलाही द्या, नेक थोरलीची पाहिजे. माणसं चांगली वाटली. थोरली घेऊन बसले, कॅलिपर लावून एकेका फ्रेटपाशी जाडी मोजली, पुठ्ठ्याचे साचे कापून नेकच्या पाठीवर बसवून बघितले. काही महिन्यांनी प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, आला. हेडस्टॉकवर माझी सही, मराठीतली, मी चेकवर करते तीच. आणि नेक... मी डोळे मिटून धरली तर थोरलीच. फरक एवढाच की हिचे फ्रेट नवे होते आणि वरच्या पट्टीत ही जास्त मोकळी बोलायची. मी त्याच आठवड्यात ती स्टेजवर नेली.

मग बाजारात जाणारा नमुना आला, मंजुरीसाठी. आता हे नीट सांगते, कारण इथे मी स्वतःला सोडवून घेऊ शकत नाही.

नमुना आला तेव्हा मी दौऱ्यावर होते. रात्रीचे साडेअकरा, हॉटेलची खोली, अँप नाही, पहाटेचं विमान. केस उघडली. फ्रेटबोर्डचं लाकूड बदललं होतं, ते मला आधी कळवलेलं, २०१७ च्या जानेवारीपासून रोझवूडच्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियमाखाली आल्या आणि सीमेपार माल पाठवायचा तर प्रत्येक वेळी कागद, म्हणून बऱ्याच जणांनी पाव फेरो वगैरे लाकडं धरली होती. (वाद्यांना यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात, तोवर व्हायचं ते झालं होतं.) त्याला मी हो म्हटलेलं होतं. म्हणजे 'थोडे बदल होणारच' या तयारीनेच मी ती गिटार हातात घेतली. दहा मिनिटं वाजवली, तीही कोरडी. काहीतरी खटकलं. नवीन तारा असतील, हात दमलाय, असं मीच मला सांगितलं. आणि खरं सांगू, त्या दहापैकी चार मिनिटं मी हेडस्टॉकवरची सहीच बघत होते. दिवा तिरका धरला की ती सोनेरी चमकायची. फॉर्मवर सही केली आणि झोपले.

नेक २१ मिलिमीटर होती. फॉर्मला जोडलेल्या कागदावर तसं छापलेलंही होतं, नवव्या ओळीत.

मला ते कळलं दोन महिन्यांनी, गिटार विकायला लागल्यावर. चिडून फोन केला तर पलीकडचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, मॅडम, जाड नेकवाल्या खपत नाहीत, आणि तुमच्या नावावर मुली जास्त घेणार, त्यांना पातळ सोपी जाते. वर माझीच सही असलेला कागद मला पाठवला. साडेतीन मिलिमीटर. दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढं.

आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही थांबलीस? करार होता. कार्यक्रमात ती गिटार वाजवायची, मॉडेलबद्दल जाहीरपणे वाईट बोलायचं नाही. मग मी काय केलं, तर प्रोटोटाइप वाजवत राहिले. सही तीच, रंग तोच, पाचव्या रांगेतून कुणाला नेकची जाडी दिसते? दोन वर्षं. तुम्ही फोटोंमध्ये जी बघितलीत, जिच्या आवाजाबद्दल मला लिहिलंत, ती एकच गिटार जगात होती आणि ती विकायला नव्हती.

आणि मी त्यासाठी युक्तिवादही तयार ठेवला होता, अजूनही आहे. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची सिग्नेचर स्ट्रॅटोकास्टर, फेंडरची पहिली सिग्नेचर, १९८८. ती निघाली त्याच्या 'ब्लॅकी' या गिटारवरून, आणि ब्लॅकी मुळात दोन-तीन जुन्या स्ट्रॅट्सचे सुटे भाग जोडून केलेली. विकायला आली तिच्यात पिकअप वेगळे, आतली सर्किटं वेगळी, जी ब्लॅकीत कधी नव्हतीच. गन्स एन' रोझेस बँडच्या गिटारवादक स्लॅशचं तर आणखी भारी, ज्या लेस पॉलने तो जगाला माहीत झाला ती गिब्सनची नव्हतीच, क्रिस डेरिग नावाच्या कारागिराने हाताने केलेली नक्कल होती. आणि पुढे त्याच्या नावाच्या लेस पॉल काढल्या कुणी, तर गिब्सनने. म्हणजे अस्सल कुठली आणि नक्कल कुठली हे या धंद्यात आधीपासूनच असं आहे. मग माझ्या साडेतीन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात?

हा युक्तिवाद मी स्वतःला झोपताना ऐकवायचे. क्लॅप्टनने काय निघणार ते बघून हो म्हटलं होतं, मी न बघता, एवढा फरक मी त्यातून गाळायचे.

मग ती मुलगी आली.

कार्यक्रमानंतर, मागच्या बोळात, आम्ही सामान आवरत होतो. सतरा-अठराची असेल. पाठीवर गिग बॅग, शेजारी वडील, जरा लांब उभे. तिने बॅग उघडली, माझ्या नावाची गिटार. स्वच्छ, पण वापरातली, पिकगार्डवर ओरखडे. म्हणाली, "ताई, दुकानात सगळे म्हणाले दुसरी घे. मी म्हटलं ताईंच्या हातातली जी आहे तीच." सही मागायला आलीय असं मला वाटलं, मी मार्कर शोधायला लागले. तर ती म्हणाली, "पाचच मिनिटं बदलून वाजवूया? माझी तुम्ही, तुमची मी."

नाही म्हणायला हवं होतं. शंभर कारणं होती, उशीर झालाय, गाडी थांबलीय. पण वडील फोन काढून फोटोच्या तयारीत उभे, मी दिली. तिने माझी घेतली, ई मायनर धरला, आणि वाजवलाच नाही. हात नेकवर खालून वर फिरवला, बाराव्या फ्रेटपर्यंत, परत खाली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही वेगळी आहे."

मी म्हटलं, "जुनी आहे ना, वापरून वापरून तशी होते."

"वापरून नेक जाड होते?"

वडील म्हणाले, अगं बास आता. मी हसले. काय हसले देव जाणे. तिची गिटार माझ्या गळ्यात होती, माझीच सही माझ्या डाव्या हाताच्या वर, आणि अंगठा आपोआप चिमटा काढायला लागला होता. ती काही म्हणाली नाही, माझी गिटार दोन्ही हातांनी धरून, मान आणि अंग दोन्हीकडून, तान्हं मूल परत देतात तशी परत दिली. मग तिची घेतली आणि उभ्याउभ्याच एक तुकडा वाजवला, चांगलाच जलद, बोटं लांब टाकून, आणि सांगायला लाज वाटते पण तो मला जमला नसता, निदान जाड नेकवर तरी नाही. मी मार्कर पुढे केला.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "सही छापलेली आहेच."

त्यात राग नव्हता हो. राग असता तर मी काहीतरी बोलले असते.

पुढच्या कार्यक्रमाला मी थोरली घेऊन गेले. कंपनीचं पत्र आलं, करार आठवण करून देणारं, मी उत्तर दिलं नाही, यथावकाश मुदत संपली, त्यांनी मॉडेल बंद केलं. वाजलं का म्हणाल तर वाजण्याइतकं बोलणंच झालं नाही. रॉयल्टी मिळाली, ती मी ठेवली, हेही विचारणारे आहेत म्हणून सांगते. परत करायला हवी होती का? कुणाला, कंपनीला? ज्यांनी घेतल्या त्यांना नावं-पत्ते शोधून? मी हा विचार केला आणि सोडून दिला, आणि सोडून दिला हे मला बरोबर वाटत नाही.

आणि ती जलद वाजवत होती ना, तेही डोक्यातून जात नाही. म्हणजे फोनवरचा तो गोड आवाजाचा माणूस तिच्यापुरता बरोबर होता की काय? पातळ नेक तिच्या हाताला बसलीच होती. पण तिला पातळ नको होती, तिला माझी हवी होती, आणि माझी म्हणून जी दिली ती माझी नव्हती, मग ती तिच्या हाताला बसली काय आणि न बसली काय. एक दिवस मला हे पटतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, मी उगाच फुगवतेय, पोरगी आज मजेत वाजवत असेल आणि मी इथे मिलिमीटर मोजतेय.

आवडती कोणती, हे राहिलंच. तुम्हाला वाटतं थोरली, मी पण सगळीकडे थोरलीच सांगते, छान वाटतं ऐकायला, तुटका हेडस्टॉक वगैरे. पण थोरलीचे फ्रेट आता झिजलेत, वरच्या पट्टीत बेंड घेतला, म्हणजे तार ओढून सूर चढवला, की तो मरतो, आणि बोळात त्या मुलीने हातात घेतलेला तो प्रोटोटाइप तिच्यापेक्षा उजवा आहे, नेक तीच आणि आवाज मोकळा. तो केसमध्ये आहे. दर दोन महिन्यांनी तारा बदलते, ट्यून करते, एकदा पूर्ण कॉर्ड वाजवून तो विझेपर्यंत ऐकते, आणि झाकण लावते.