भुसा भाव खातो तेव्हा

लाकडाच्या वखारीत करवतीखाली साचणाऱ्या भुशाला एके काळी कोणी विचारत नसे. पोतं घेऊन गेलं की वखारवाला भरून देई, वर जागा मोकळी झाली म्हणून त्यालाच बरं वाटे. घरी भुशाची शेगडी असायची. मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडा तिच्या बुडाशी भिडवायचा, भोवती भुसा ठासून भरायचा आणि मग दोन्ही हळूच फिरवत बाहेर काढायचे. ठासणी सैल झाली तर मध्येच भुसा कोसळून शेगडी विझे. नीट जमली तर बराच वेळ संथ, निळसर आच मिळे.

त्याच भुशाला कारखान्यात नेऊन शिस्त लावली की त्याचा पेलेट होतो. सहा मिलिमीटर जाड, फार तर चार सेंटिमीटर लांब, गुळगुळीत कांडी. भुसा वाळवून पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने ढकलतात. त्या दाबाने तापमान शंभर अंशांच्या आसपास जातं, लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि उत्तर इटलीत लाखो घरं हिवाळ्यात या कांड्यांवर ऊब धरून असतात. इटलीत बैठकीच्या खोलीत सुबक स्टोव्ह आणि शेजारी १५ किलोच्या पिशव्यांची चळत. जर्मनीत बहुधा तळघरात बॉयलर आणि शेजारच्या कोठीत टँकरच्या नळीने फुंकून भरलेले चार-पाच टन पेलेट.

फुकटातल्या वस्तूवर घर चालवण्यात एक गोम असते. पेलेटसाठी मुद्दाम झाड तोडणं सहसा परवडत नाही. फळ्या आणि तुळया कापताना जे उरतं, त्याचेच पेलेट होतात. म्हणजे आपल्या घरची ऊब कोणीतरी दुसरा घर बांधतोय की नाही यावर ठरते. बांधकाम मंदावलं की करवती थांबतात, करवती थांबल्या की भुसा आटतो. थंडी मात्र बांधकामाचा बाजार बघून पडत नाही.

२०२२ साली हे सगळं एकदम अंगावर आलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशिया आणि बेलारूसचं लाकूड युरोपात बंद झालं. गॅस महागला, तसे लोक पेलेटच्या स्टोव्हकडे धावले, आणि ज्यांच्याकडे स्टोव्ह आधीच होता ते दुप्पट साठा करायला लागले. व्याजदर वाढून बांधकामंही रेंगाळली. जर्मनीत २०२१च्या उन्हाळ्यात टनाला २५० युरोंच्या आत मिळणारा माल सप्टेंबर २०२२मध्ये साडेसातशेच्या वर गेला. इटलीत पाच युरोंच्या आसपासची पिशवी दहा-बारा युरोंना जाऊ लागली. निम्म्या भावात पेलेट घरपोच म्हणणारी खोटी ऑनलाइन दुकानं उगवली. आगाऊ पैसे घ्यायची आणि गायब व्हायची. आणि घाबरून सप्टेंबरात कोठी काठोकाठ भरणाऱ्यांना पुढच्याच उन्हाळ्यात भाव चारशेच्या खाली आलेला बघावा लागला. टंचाईत निम्मी कोठी भरून थांबणं जड जातं खरं, पण हिशेबाला तेच बरं पडतं.

हिशेबही पिशवीच्या किमतीवर करायचा नसतो. एक किलो चांगला पेलेट जवळपास ४.८ किलोवॉट-तास उष्णता देतो. दोन किलो पेलेट म्हणजे साधारण एक लिटर हीटिंग ऑइल किंवा एक घनमीटर गॅस. वर्षाला २०,००० किलोवॉट-तास लागणाऱ्या घराला सव्वाचार टन पुरतात. टनाला २५० युरो असताना एक किलोवॉट-तास पाच सेंटला पडतो, ७५० झाले की साडेपंधरा सेंटला. विजेचा दर ३५ सेंट असेल आणि घरातला एसी उलटा चालवून एका युनिट विजेत तीन युनिट ऊब देत असेल, तर ती ऊब पावणेबारा सेंटला पडते. म्हणजे अशा भावात ऑक्टोबरच्या बोचऱ्या संध्याकाळी एसी चालवायचा आणि पेलेट कडाक्याच्या जानेवारीसाठी राखायचे. जर्मन सरकारने २०२२च्या खरेदीसाठी मदत दिली ती अशाच गणिताने. किलोला २४ सेंट हा आधारभाव धरायचा, त्याच्या दुपटीच्या वर जेवढं बिल गेलं त्याचे ८० टक्के परत, घरटी कमाल २,००० युरो. चार टन ७०० युरोंनी घेतले असतील तर बिल २,८०० युरो, आधारभावाची दुप्पट १,९२०, वरच्या ८८० पैकी ७०४ परत. बिल जपून ठेवणाऱ्यालाच, अर्थात.

टंचाईत खरी फसगत होते ती मालात. पिशवीवर ‘ईएन प्लस ए-वन’ ही दर्जाची खूण आणि उत्पादकाचा क्रमांक असला तर ओल दहा टक्क्यांच्या आत आणि राख ०.७ टक्क्यांच्या आत असायला हवी. हात घालायच्या आधी पिशवीचा तळ बघावा. कोपऱ्यात मूठभर चुरा असेल तर माल ठिसूळ आहे. कांडी चमकदार आणि फारशा चिरा नसलेली हवी. पाण्याच्या पेल्यात टाकली की बुडायला हवी. तरंगली तर दाब कमी पडलाय. रंगावर जाऊ नये. फिकट म्हणजे उत्तम आणि काळसर म्हणजे वाईट असं काही नसतं, झाडाच्या जातीवर रंग ठरतो. अनोळखी माल सत्तर पिशव्यांचा एकदम घेऊ नये. तीन आणाव्यात, जाळाव्यात आणि राख बघावी.

राख पुष्कळ बोलते. चांगल्या टनामागे पाच-सहा किलो बारीक, करडी राख पडते. साल, माती किंवा शेतातला काडीकचरा मिसळलेल्या टनामागे वीस किलोही पडेल, आणि तीही सुटी पडणार नाही. मातीतली वाळू आणि पिकातले क्षार जाळात वितळून जळणाच्या वाटीत वीटभट्टीतल्यासारखा खंगर धरतात. आपल्याकडे कारखान्यांच्या बॉयलरला भुईमुगाच्या टरफलांच्या जाडजूड ब्रिकेट चालतात, ‘व्हाइट कोल’ म्हणतात त्यांना, कारण तिथे राख ओढायला माणूस आणि जाळी दोन्ही असतात. बैठकीतल्या स्टोव्हची वाटी ओंजळीएवढी. खंगराने तिची भोकं बुजली की हवा आत येत नाही, ज्योत आळशी, नारिंगी होते, काच काळी पडते आणि तेवढीच ऊब द्यायला स्टोव्ह जास्त पेलेट खातो. लोक म्हणतात माल हलका आला. कधी तो हलका असतोही, पण आधी वाटी उपसून भोकं टोकदार सळईने मोकळी करून बघावी. मक्याचे दाणे, ऑलिव्हच्या बिया वगैरे पर्याय स्टोव्हच्या पुस्तकात परवानगी असेल तरच. घोड्याच्या तबेल्यात अंथरायला विकतात ते पेलेट बहुधा लाकडाचेच असतात, पण जळणासाठी तपासलेले नसतात.

पेलेट पेटीतून वाटीपर्यंत नेतो तो ऑगर, म्हणजे मळसूत्री दांडा. चुरा त्याच्या बुडाशी साठत जातो, पेलेट कमी पडतात आणि स्टोव्ह अधूनमधून आपोआप विझतो. टनभर माल जळला की पेटी रिकामी करून चुरा ओढून घ्यावा. वाटी रोज साफ करावी, धुराच्या नळीचा टी-जोड महिन्याला. दाराच्या दोरीसारख्या गॅस्केटची परीक्षा अगदी सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायचं. अलगद निघून आली तर तिथून फुकटची हवा शिरतेय. निखारा राखेत तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि घरच्या व्हॅक्यूमने तर कधीच नाही.

एक गोष्ट मात्र काटकसरीच्या भरात करू नये. पेटवणी फसली आणि वाटीत पेलेटचा ढीग साचला तर पुन्हा बटण दाबू नये. ढीग धुमसतो, वायू कोंडतो आणि अचानक पेट घेऊन दाराची काच फुटू शकते. स्टोव्ह थंड होऊ द्यावा, ढीग उपसावा, मग पेटवावं. उपसलेले पेलेट परत पेटीत घालू नयेत. त्यांत ठिणगी उरलेली असू शकते.

वाचवायचं तर ते ज्योतीच्या वेळापत्रकात. आठ-नऊ किलोवॉटचा स्टोव्ह पूर्ण जोरात तासाला दोन किलो खातो, मंद आचेवर सहाशे-सातशे ग्रॅम. दर अर्ध्या तासाने विझणारा आणि पुन्हा पेटणारा स्टोव्ह पेलेट, वीज आणि पेटवणारी विजेची कांडी (इग्नायटर) तिन्ही खातो. थर्मोस्टॅटमध्ये एक-दीड अंशाचा फरक ठेवला तर तो कमी वेळा पेटतो. मात्र दिवसभर अगदी किमान आचेवर ठेवला तर काजळी धरतो, तेव्हा रोज तासभर जोरात चालवावा. खोली एका अंशाने कमी ठेवली तर जळण सुमारे सहा टक्क्यांनी वाचतं.

साठवणीत ओल हा मोठा वैरी. पिशवीला सुईएवढं भोक असलं तरी दमट गॅरेजमध्ये पेलेट फुगून परत भुसा होतात, आणि तो भुसा ऑगरमध्ये गेला तर सिमेंटसारखा बसतो. पिशव्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, भिंतीपासून वीतभर दूर. तळघरातल्या कोठीचा धोका वेगळा आहे. ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला ना रंग ना वास, आणि अशा कोठीत माणसं दगावली आहेत. कोठी भरायच्या तोंडांची झाकणं हवेशीर हवीत, भरल्यावर पहिले चार आठवडे हा वायू मोजणाऱ्या मीटरशिवाय आत पाऊल नको, पुढेही बॉयलर बंद करून, दार उघडं टाकून आणि बाहेर कोणाला तरी उभं करूनच जावं. टँकर येण्याआधी बॉयलर बंद करून थंड करावा, आणि नळी जेवढी आखूड व वळणं जेवढी कमी तेवढा चुरा कमी. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून एकच टँकर मागवला तर टनामागे भाव उतरतो. कोठी दर दोन वर्षांनी तळापर्यंत रिकामी करून झाडून घ्यावी.

मार्च सरला की पेटीत नवा माल घालायचा नाही. आहे तो जळू द्यायचा, मळसूत्र रिकामं फिरू लागलं की स्टोव्ह बंद करायचा, वाटी, नळी आणि पंखा साफ करायचे. पेटीत उरलेले पेलेट उन्हाळ्यात ओल पितात आणि ऑक्टोबरात पहिल्याच रात्री ऑगर अडवतात. नव्या मालाची चौकशी मे महिन्यात करावी. तेव्हा विक्रेता फोन पहिल्या घंटीलाच उचलतो.