तेरा तारांची गिटार

मागच्या रविवारी तबल्याच्या क्लासमधला जुना मित्र घरी आला होता, बोलता बोलता त्याने विचारलं की काय रे, गिटारवर मींड येते का, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी खरी मींड, सतारीसारखी? मी काही उत्तर न देता शक्ती या बँडचा पहिला अल्बम लावला. पंधरा एक मिनिटं तो काहीच बोलला नाही, नुसता मांडीवर ठेका धरून बसला होता, आणि मग म्हणाला, हे सरोद आहे का? म्हटलं नाही, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा माणूस आहे, जॉन मॅकलॉफ्लिन, आणि हातात गिटारच आहे.

पण ती गिटार साधी नाही. नेहमीच्या ६ तारा आहेतच, शिवाय त्यांच्या खालून, गिटारच्या मधल्या गोल भोकावरून तिरप्या जाणाऱ्या आणखी ७ तारा, आपल्याकडे तरफेच्या म्हणतात तशा, सुरात लावून ठेवायच्या आणि मधूनच छेडायच्या. आणि दोन पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, त्यामुळे बोट लाकडाला टेकत नाही, तार पाहिजे तेवढी दाबता ओढता येते आणि वीणेचं गमक, म्हणजे सुराचं ते आंदोलन, गिटारवर निघतं. एब वेक्टर नावाच्या कारागिराने गिब्सन कंपनीत ही त्याच्यासाठी बनवली. मला या माणसाबद्दल जे काही आवडतं ते सगळं त्या गिटारमध्ये आलंय. ज्याच्याबरोबर वाजवायचंय त्याच्या संगीतापर्यंत हा स्वतः चालत जातो, त्यासाठी वाद्य बदलावं लागलं तर वाद्यही बदलतो.

जन्म ४ जानेवारी १९४२ चा, डॉनकास्टरजवळचा. आई व्हायोलिन वाजवायची. साठच्या दशकात लंडनमध्ये जॉर्जी फेम, ग्रॅहम बाँड यांच्या बँडमध्ये वाजवलं, पोटासाठी स्टुडिओत पडेल ते सेशनचं काम केलं. १९६९ च्या जानेवारीत 'एक्स्ट्रापोलेशन' रेकॉर्ड केला, जॉन सर्मनचा सॅक्सोफोन, टोनी ऑक्सलीचे ड्रम्स, आजही ऐकला तर जुना वाटत नाही. आणि मग लगेच ड्रमर टोनी विल्यम्सने बोलावलं म्हणून न्यूयॉर्कला गेला. टोनी त्या वेळी जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्याकडे वाजवत होता आणि स्वतःचा लाइफटाइम हा बँड काढत होता.

न्यूयॉर्कला पोचतो न पोचतो तोच माइल्सने त्याला स्टुडिओत बोलावलं. १८ फेब्रुवारी १९६९, 'इन अ सायलेंट वे'चं रेकॉर्डिंग. कीबोर्डवादक जो झाविनूलची रचना होती, कॉर्ड्स भरपूर, आणि माइल्सला ती तशी नको होती. तो जॉनला म्हणाला, गिटार वाजवता येतच नाही असं समजून वाजव. विचार करा, २७ वर्षांचा पोरगा, समोर ज्याला देव मानतो तो माणूस, आणि तो असं काहीतरी सांगतोय. जॉनने सगळ्या कॉर्ड्स सोडून दिल्या, एकाच सुरावर उभा राहिला आणि हळूहळू ती चाल वाजवली. माइल्सने तेच ठेवलं. त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूची सुरुवात ऐका, गिटारचा एकेक सूर चाचपडत येतो, आलापाच्या सुरुवातीला गायक षड्जावर थांबून राहतो ना तसं मला दरवेळी वाटतं.

त्याच वर्षी माइल्सचाच 'बिचेस ब्रू', त्यात एका ट्रॅकचं नावच माइल्सने 'जॉन मॅकलॉफ्लिन' ठेवलंय. आणि १९७० मध्ये बॉक्सर जॅक जॉन्सनवरच्या अल्बमचं रेकॉर्डिंग, तो किस्सा तर मला फारच आवडतो: माइल्स आत प्रोड्यूसरशी बोलत बसला होता, बाहेर वाट बघून कंटाळून जॉनने आपलं सहज एक शफल, म्हणजे झुलत्या ठेक्याची ब्लूजची लय, सुरू केलं, बिली कोबहम ड्रम्सवर आणि मायकेल हेंडरसन बासवर घुसले, आणि थोड्या वेळाने माइल्स ट्रम्पेट घेऊन धावत आला. अल्बमची एक पूर्ण बाजू अशी तयार झाली.

तोवर जॉन श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंचा शिष्य झाला होता, महाविष्णू हे नाव त्यांनीच दिलेलं, आणि १९७१ मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभा राहिला. ड्रम्सवर बिली कोबहम, कीबोर्डवर चेकोस्लोव्हाकियातून आलेला यान हॅमर, व्हायोलिनवर जेरी गुडमन, बासवर आयरिश रिक लेअर्ड. जॉनच्या हातात दोन मानांची गिटार. 'द इनर माउंटिंग फ्लेम' मी कॉलेजात हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा तबल्याची सहा वर्षं गाठीशी होती म्हणून मला वाटायचं लय आपल्याला कळते. 'डान्स ऑफ माया' १० मात्रांचा आहे हे समजल्यावर मी झपताल धरून मोजायला बसलो, मात्रा बरोबर येत होत्या पण विभाग कुठेच बसत नव्हते, रात्रभर टाळ्या देत बसलो, रूममेट वैतागला. मग मध्येच त्याच हिशोबावर ते लोक मस्त ब्लूज शफल वाजवायला लागतात आणि पाय आपोआप हलायला लागतो, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की मोजून काही होणार नाही, आधी अंगात भिनायला पाहिजे. १९७३ चा 'बर्ड्स ऑफ फायर'ही तसाच, त्याचा पहिला ट्रॅक तर १८ मात्रांचा. त्याच वर्षी गिटारवादक कार्लोस सँटानाबरोबर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या आठवणीत एक अल्बम, आणि वर्षाच्या शेवटी बँडमधल्या भांडणांनी पहिला महाविष्णू संपला. पुढच्याच वर्षी नव्या लोकांना घेऊन लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचा 'अपोकॅलिप्स' केला, मला तो थोडा जड वाटतो.

आता खरी गोष्ट. इलेक्ट्रिक गिटारवाला म्हणून जगभर नाव, स्टेडियमएवढा आवाज, आणि हा माणूस अमेरिकेतल्या वेस्लियन युनिव्हर्सिटीत डॉ. एस. रामनाथन यांच्यापुढे वीणा शिकायला बसला होता. तिथूनच शक्ती आली. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीरभाई, म्हणजे झाकीर हुसेन, घटमवर, म्हणजे मातीच्या मडक्यावर, विक्कू विनायकराम, मृदंगमवर आर. राघवन. ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात कार्यक्रम झाला, तोच पहिला अल्बम. तीनच ट्रॅक, पहिला १८ मिनिटांचा, शेवटचा २९ च्या आसपास, मधला 'लोटस फीट' जेमतेम ५ मिनिटांचा. त्या काळात हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटकी घटम एका मंचावर बसणं हेच आपल्या देशात रोजचं नव्हतं, आणि इथे ते दोघे एकमेकांची तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोल) उचलतायत, विक्कूजींच्या कोरव्यावर (कर्नाटकी तालातली तशीच शेवटची रचना) झाकीरभाई हसत उत्तर देतायत (हसणं रेकॉर्डमध्ये ऐकू येत नाही पण मला दिसतं). जॉन यात पाहुणा म्हणून मधोमध बसलेला नाही, तो त्यांच्याच रांगेत बसून साथ करतो. शंकरचं व्हायोलिन पुढे असलं की त्याची गिटार किती कमी वाजते ते मुद्दाम ऐका. नंतर 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी' आणि 'नॅचरल एलिमेंट्स', दोनच आणखी अल्बम, आणि १९७८ पर्यंत शक्ती थांबली.

बहुतेकांना तो माहीत असतो तो ५ डिसेंबर १९८० च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कार्यक्रमामुळे, फ्लामेंको गिटारवाला पाको दे लुसिया, गिटारवादक अल दि मेओला आणि हा, तीन अकॉस्टिक गिटारी आणि बाकी काही नाही. गंमत म्हणजे त्याच्या अल्बममधला सगळ्यात गाजलेला पहिला ट्रॅक पाको आणि दि मेओलाचा आहे, जॉन त्यात नाहीच. वेगाच्या वेडापायी लोक तो अल्बम ऐकतात, मीही तसाच ऐकला होता, पण आता मला पाकोबरोबरचा 'फ्रेवो रास्गादो' जास्त जवळचा वाटतो, दोघं एकमेकांना जागा करून देतात.

आपल्या लोकांशी मात्र त्याचं नातं कधी तुटलं नाही. १९८९ च्या लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या ट्रायोत तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू आहे, मुंबईचा, शोभाताई गुर्टूंचा मुलगा. जमिनीवर अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवतो, घंटा पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि सूर खाली घसरतो. ज्यांनी शोभाताईंची ठुमरी ऐकलीय त्यांनी मुलाचं हे काम ऐकायलाच हवं.

मग १९९७ मध्ये झाकीरभाई आणि जॉन पुन्हा एकत्र आले, रिमेंबर शक्ती, आधी हरिजींची (हरिप्रसाद चौरसिया) बासरी, नंतर यू. श्रीनिवासचं मॅंडोलिन आणि विक्कूजींचा मुलगा सेल्वगणेश खंजिऱ्यावर. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत रेकॉर्ड केलेल्या 'सॅटरडे नाईट इन बॉम्बे'मध्ये शिवजींचं (शिवकुमार शर्मा) संतूर आहे, तौफिक कुरेशी, शिवमणी आहेत आणि आपल्या चेंबूरचा शंकर महादेवन गायला बसलाय. संतूर आणि गिटारचा तो लांबलचक 'शृंगार' पावसाळ्यात संध्याकाळी लावतो मी, आणि त्या वेळी घरात कोणी फोनवर बोललेलं मला चालत नाही. श्रीनिवास २०१४ मध्ये गेला, फक्त ४५ वर्षांचा. त्याचं मॅंडोलिन आणि जॉनची गिटार एकत्र धावायची तेव्हा कोण कुठे संपतं ते कळायचं नाही.

२००८ चा 'फ्लोटिंग पॉइंट' चेन्नईत केला, ड्रम्सवर मुंबईचा रणजित बारोट, जो पुढे त्याच्या फोर्थ डायमेंशन बँडमध्येही आला. हाताला संधिवाताचा त्रास सुरू झाला, २०१७ मध्ये अमेरिकेत निरोपाचा दौराही केला, पण शक्ती परत उभी राहिलीच. 'दिस मोमेंट' २०२३ मध्ये आला, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्याच डिसेंबरच्या १५ तारखेला झाकीरभाई गेले.

त्या रात्री मी नवा अल्बम नाही लावला, १९७५ चाच लावला. तेव्हा झाकीरभाई २४ वर्षांचे होते आणि जॉन ३३ चा. 'लोटस फीट' सुरू झालं, तंबोऱ्यावर गिटार आली, आणि मी तबल्याची वाट बघत बसलो.