पगार तर मिळतोय ना, मग पडताळणीची घाई कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पंचवटीतल्या माझ्या घरी रविवारी शिक्षक सेवापुस्तकाच्या, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकाच्या, झेरॉक्स घेऊन येतात. शेजारचे हमखास विचारतात, ‘बाई, पगार तर मिळतोय ना यांना? मग वेतनपडताळणी लवकर करा म्हणून एवढा धोशा कशाला?’

पगार मिळतो. तो नियमाप्रमाणे ठरलाय का, हे सरकारी पथक सेवापुस्तकावरून तपासतं, ती वेतनपडताळणी. पण पगार बरोबर आहे का, हे बहुतेकांना निवृत्तीच्या तोंडावर कळतं. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला, पण प्रत्यक्ष पगारात आला जानेवारी 2019 मध्ये. तीन वर्षं मागे जाऊन प्रत्येकाची वेतननिश्चिती करायची होती, म्हणजे नव्या तक्त्यात मूळ वेतन ठरवायचं होतं. 31 डिसेंबर 2015 चं वेतन आणि ग्रेड पे (पदाच्या श्रेणीनुसार मिळणारी जोड रक्कम) यांच्या बेरजेला 2.57 ने गुणायचं आणि तक्त्यातला टप्पा पकडायचा. त्या घाईत कुणाचा विकल्प, म्हणजे नवं वेतन कुठल्या तारखेपासून घ्यायचं ती निवड, चुकीचा नोंदला गेला, कुणाला एक वेतनवाढ जास्त लागली. 29,200 च्या जागी 30,100 पडले, तर महिन्याचा फरक 900 रुपये. वर्षाच्या आत सापडला तर चार हप्त्यांत फिटतो. नऊ वर्षांनी नुसत्या मूळ वेतनातच तो 97 हजारांवर जातो, वर महागाई भत्ता.

सुरगाणा तालुक्यात माझ्यासोबत द्विशिक्षकी शाळेवर असलेल्या बाईंचं हेच झालं. निवृत्तीला दोन महिने उरले असताना सेवापुस्तक शेरा मारून परत आलं, आणि वसुली उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) निघाली. नोंद करणारा दुसराच, पैसे मात्र त्यांचे गेले. वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रफीक मसीह प्रकरणात सांगितलं आहे. बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुढे ठेवलं गेलं ते वेतननिश्चितीच्या वेळी सही घेतलेलं, जास्त मिळालेलं परत करीन असं हमीपत्र. मला याचा अजून संताप येतो.

शिवाय फाइलीमागे धावायचं म्हणजे नाशिकची खेप, सुरगाण्याहून अख्खा दिवस. बाई एसटीत असायच्या तेव्हा पहिली ते चौथी माझ्या एकटीकडे. मोठ्यांना पाढे घालून द्यायचे आणि पहिलीच्या पोरांजवळ बसायचं. त्या दिवशी चौथीचं गणित राहायचंच. हा खर्च कुठल्याच फाइलीत दिसत नाही.

आता केंद्राने आठवा आयोग नेमला आहे, उद्या राज्यातही नवी वेतननिश्चिती होईल. त्याआधी 2016 ची पडताळणी संपवा, एवढंच माझं म्हणणं. पथकाने तालुक्यात येऊन शिबिरं घ्यावीत. सगळ्या त्रुटी एकदाच, एका कागदावर द्याव्यात. एक दुरुस्त केली की दुसरी निघते, तसं नको.

गेल्या रविवारी पेठहून एक शिक्षक आले होते, नोकरी सतरा वर्षांची. पहिल्या पानापासून बघत गेलो, तर विकल्पाच्या नोंदीखाली सहीच नव्हती. सोमवारी शाळा सुटल्यावर ते तडक तालुक्याच्या कार्यालयात गेले.