आमची वाटचाल : टिपरच्या गॅरेजपासून जुन्या गाड्यांच्या तपासणीपर्यंत

2004 साली गोव्यातील तिस्क-उसगाव येथे आम्ही गॅरेज सुरू केले, तेव्हा एखादी छोटी मोटारगाडी दारात आली तर ती शेजारच्या गॅरेजकडे पाठवून देण्याची आमची पद्धत होती. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर खनिजवाहू टिपर धावत असत आणि त्यांचीच कामे आम्हाला पुरून उरत. माझे शिक्षण आयटीआयमधील डिझेल मेकॅनिकचे, आणि त्यापूर्वीची सहा वर्षे मी दुसऱ्याच्या हाताखाली ट्रकची इंजिने उतरवण्यात घालवलेली; त्यामुळे इंजिन म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर मोटारगाडी येतच नसे. त्या काळातील एक शिकवण मात्र पुढे फार उपयोगी पडली. लोहखनिजाची तांबडी धूळ फाटक्या किंवा हलक्या प्रतीच्या एअर फिल्टरमधून आत शिरली, की पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ती कानशीसारखी काम करते, आणि एरवी कितीतरी वर्षे चालले असते असे इंजिन दोन-तीन वर्षांत ऑइल पिऊ लागते. ट्रक कोणत्या कंपनीचा आहे, यापेक्षा त्याच्या फिल्टरच्या डब्यात बोट फिरवल्यावर काय हाती लागते, हे आम्ही आधी पाहू लागलो.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी बंद केल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ट्रकमालकांनी आपापले ट्रक घराशेजारी किंवा माळरानावर उभे केले आणि पावसाळ्यात त्यांच्या चाकांभोवती गवत वाढले. आमची उधारी वहीतच राहिली. ती मागायला जाण्याचे धैर्यही होत नव्हते, कारण ज्याच्याकडे मागायची त्याच्यावर बँकेचे हप्ते थकलेले होते. 2013 च्या उन्हाळ्यात अशाच एका जुन्या गिऱ्हाइकाने मला एका सकाळी डिचोलीला नेले. त्याला मुलीसाठी वापरलेली अल्टो घ्यायची होती, नव्या गाडीची ऐपत उरली नव्हती आणि विकणाऱ्याच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता. मी ती गाडी पाहिली, ऐकली, चालवली आणि 'घ्या' म्हणालो. त्याने परतीच्या वाटेवर माझ्या खिशात 300 रुपये कोंबले. आमच्या आजच्या व्यवसायाची पहिली कमाई ती.

पुढील वर्षभर महिन्याला चार-सहा गाड्या पाहण्याचे काम मिळू लागले. गाडी नुसती पाहण्याचे पैसे द्यावे लागतात, ही गोष्ट तेव्हा लोकांच्या पचनी पडत नसे. 'काम काहीच केले नाही, मग मजुरी कसली?' असे तोंडावर विचारणारे भेटत. त्यांचे तेव्हा अगदीच चुकत होते असेही नाही, कारण आमची तपासणी खरोखरच वरवरची होती. 2014 मध्ये सत्तरी तालुक्यातील एका शिक्षकांसाठी आम्ही एक छोटी पेट्रोल गाडी पसंत केली. सकाळी अकराच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा विक्रेत्याने ती 'नुकतीच धुऊन आणली' होती, म्हणजे इंजिन आधीच तापलेले होते. आवाज मऊ होता, धूर नव्हता, पिकअप चांगला होता. तीन आठवड्यांनी गुरुजी गाडी घेऊन आले तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर येत होता आणि डिपस्टिकला ऑइल लागत नव्हते. इंजिन उघडल्यावर उलगडा झाला. रिंगा झिजलेल्या होत्या, आणि विकण्यापूर्वी त्यात फार जाड ऑइल व ऑइल घट्ट करणारे रसायन ओतून धूर व खडखड दोन्ही काही दिवसांपुरते दाबले होते. आम्ही तपासणीचे पैसे परत केले, मजुरी घेतली नाही आणि सुट्या भागांचा निम्मा खर्च सोसला. गुरुजी एक शब्दही रागाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो आजवर मोडलेला नाही: इंजिन थंड असेल तरच तपासणी. गाडी आदल्या रात्रीपासून सुरू करू नये असे विक्रेत्याला आधी कळवतो आणि सकाळी सातच्या आत पोहोचतो. बॉनेट उघडल्यावर पहिला हात एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, जातो. तो कोमट लागला तर आम्ही चहा पिऊन परत येतो. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले पाच सेकंद आम्ही कोणालाही बोलू देत नाही. रात्रभर ऑइल खाली उतरलेले असते, त्यामुळे सैल झालेली टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारी साखळी), तिला ताणून धरणारा थकलेला टेन्शनर किंवा झिजलेले बेअरिंग यांचा खडखडाट त्याच क्षणांत ऐकू येतो, आणि ऑइलचा दाब चढला की तो विरून जातो. व्हॉल्व्हच्या सिलांतून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांतून) रात्री गळलेले ऑइल सुरुवातीला निळ्या धुराचा एक झोत देते. तो झोत लगेच थांबला तर दोष बहुधा सिलांचा असतो, आणि इंजिन तापल्यावर रेस केली तरी तो येत राहिला तर रिंगांचा. पावसाळ्यातल्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, परंतु इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर हेड गॅसकेटकडे, म्हणजे इंजिनचे डोके आणि ब्लॉक यांच्यामधील पट्टीकडे, पाहावे लागते. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा पिवळट साका दिसला की अनेक जण घाबरतात. रोज दोनच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो साचतो, म्हणून त्या एका खुणेवर आम्ही गाडी नाकारत नाही.

धूर आणि आवाज यांवर मते बनतात, म्हणून 2015 मध्ये आम्ही कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधील दाब मोजणारे उपकरण, वापरायला सुरुवात केली. सगळे स्पार्क प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहायचा. छोट्या पेट्रोल इंजिनात 150 ते 190 पीएसआय (दाबाचे एकक) यांच्या दरम्यानचा आकडा आम्हाला समाधान देतो. मात्र त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिलिंडरांमधील फरक, जो दहा टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर मागे पडला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतो. आकडा वर चढला तर रिंगा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह. या साध्या युक्तीने कितीतरी वेळा पंचवीस हजारांचे इंजिनकाम आणि पाच-सात हजारांचे हेडकाम यांतला फरक गिऱ्हाइकाला सौदा होण्यापूर्वीच कळला आहे.

'कोणते इंजिन चांगले?' हा प्रश्न रोज येतो. आमचे उत्तर बहुधा बेल्ट आणि चेन यांपासून सुरू होते. जुन्या अल्टोचे 796 सीसीचे तीन सिलिंडरी इंजिन आणि सँट्रो झिंगचे 1086 सीसीचे इंजिन, दोन्ही टायमिंग बेल्टवर, म्हणजे चेनचेच काम करणाऱ्या रबरी पट्ट्यावर, चालतात. ही इंजिने साधी व टिकाऊ आहेत, सुटे भाग सगळीकडे मिळतात, पण तिसऱ्या मालकापर्यंत पोहोचलेल्या गाडीत बेल्ट शेवटचा कधी बदलला हे सांगणारे कोणी नसते. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि शक्य असल्यास वॉटर पंप बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीतून आधीच वजा करावा, कारण तुटलेल्या बेल्टने व्हॉल्व्ह वाकले तर तो खर्च कितीतरी पटींनी वाढतो. 2010 च्या सुमारास अल्टोत आलेल्या के-टेन इंजिनात आणि आय-टेनच्या 1197 सीसीच्या कॅपा इंजिनात चेन आहे. चेन म्हणजे जन्मभराची निश्चिंती असा समज पसरला असून त्याच समजाने आमच्याकडे सर्वाधिक काम आणले आहे. चेनला स्वच्छ ऑइल लागते. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ते बदलले नाही तर चेन लांबते आणि टेन्शनर कमी पडू लागतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे 1248 सीसीचे मल्टिजेट डिझेल. मूळ फियाटचे हे इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसले. वेळेवर ऑइल मिळालेले मल्टिजेट दोन लाख किलोमीटरनंतरही शांतपणे चालताना आम्ही पाहिले आहे, आणि दुर्लक्षित मल्टिजेटची चेन त्याच्या निम्म्या अंतरात खडखडतानाही ऐकली आहे. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचणे, टर्बोच्या नळ्यांत ऑइल उतरणे आणि डिझेल फवारणाऱ्या नोजलच्या बुडाशी डांबरासारखा थर जमणे या तीन गोष्टी आम्ही त्यात हटकून तपासतो. ऑइल काळे दिसले म्हणून डिझेल गाडी नाकारू नये, ते बदलल्यानंतर काही दिवसांतच काळे होते. उलट ते मधासारखे चकचकीत असेल तर कालच का बदलले, हे विचारावे. एप्रिल 2020 मध्ये नवे प्रदूषण निकष आल्यावर मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आता बाजारात येणारी अशी प्रत्येक गाडी काही वर्षे वापरलेलीच असणार.

गोव्यातील गाडीचे काही दोष मात्र इथल्याच हवेचे आणि इथल्याच रीतीचे आहेत. किनाऱ्यालगतच्या गाडीत खारट वाऱ्याने रेडिएटरच्या पाकळ्या हाताने दाबल्या तरी चुरतात. आतल्या गावांत कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतण्याची सवय आहे, त्यामुळे इंजिनच्या डमी (ब्लॉकमधील पाण्याच्या छिद्रांवरची पत्र्याची बुचे) आणि पाण्याची लोखंडी नळी आतून गंजते आणि गळती सुरू होते. नव्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसून नुसता दिवा असतो, आणि तो पेटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. भाड्याने चालणारी, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी पुढे खासगी करून विकली जाते. ही रीत कायदेशीर आहे आणि अशा काही गाड्या उत्तमही असतात. परंतु शंभर वेगवेगळ्या पर्यटकांनी थंड इंजिन पहिल्याच मिनिटाला रेस केलेले असते, म्हणून तिचे इंजिन माऊंट, क्लच आणि कॉम्प्रेशन आम्ही दुप्पट काळजीने पाहतो. आरसी पुस्तिकेतील वर्गबदलाची नोंद वाचायला आम्ही गिऱ्हाइकालाच सांगतो. परराज्यातील स्वस्त गाडी असेल तर ना हरकत दाखला आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय आम्ही इंजिनकडे वळतच नाही.

23 जुलै 2021 च्या पुराने आमच्या ज्ञानात भर टाकली. म्हादईचे पाणी सत्तरीत, डिचोलीत घरांत शिरले आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या पुढील वर्षभर धुऊन-पुसून बाजारात येत राहिल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्याच्या टोकाला चिखलाची रेघ दिसे, स्टेपनीखाली गाळ सापडे, सीटच्या रुळांवर गंज असे. एका गाडीने मात्र आम्हाला दोन दिवस चकवले. ती सुरळीत सुरू होत होती, धूर नव्हता, पण एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा 40 पीएसआयने कमी होता. ऑइल टाकले तरी म्हणावा तसा वाढेना आणि व्हॉल्व्हही गळत नव्हते. अखेर प्लगच्या छिद्रातून सळई घालून पिस्टन किती वर येतो हे मोजले, तेव्हा तो शेजारच्या पिस्टनपेक्षा थोडा खालीच थांबत असल्याचे दिसले. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकला होता. अशी गाडी कित्येक महिने चालतेही, आणि मग एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

शेवटची परीक्षा आम्ही अनमोड घाटात घेतो. मोलेहून वर चढताना एसी सुरू ठेवून, चार माणसे बसवून गाडी नेली की कमजोर रेडिएटर, घसरणारा क्लच आणि थकलेला पंप यांपैकी कोणीही लपून राहत नाही. वर पोहोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करतो, कारण काही दोष फक्त तापलेल्या इंजिनातच दिसतात. विक्रेत्यांना हा प्रवास आवडत नाही आणि घाटाला नकार देणाऱ्यांची नावे आमच्या वहीत आहेत.

मार्च 2018 मध्ये खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा मात्र आमच्याकडे उधारीची वही नव्हती. तपासणीचे पैसे रोख मिळतात. दलालांनी मध्यंतरी प्रत्येक पसंतीमागे दोन हजार रुपये देऊ केले होते. ते नाकारल्यामुळे काही महिने त्यांनी आमच्याविषयी 'हा माणूस प्रत्येक गाडीला खोट काढतो' असे सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे त्या प्रचारानेच आमची गिऱ्हाइके वाढली. 2022 पासून माझी कन्या व्यवसायात आहे. तिने गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर आणला. दोषांचे कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर गाडीच्या संगणकाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात, हे तिने मला दाखवले, तेव्हापासून 'चेक लाइट नाही' हे वाक्य आम्ही अहवालात लिहिणे बंद केले. आज तपासणीचे 1500 रुपये घेतो, घाटाचे पेट्रोल वेगळे. सत्तरीतील ते गुरुजी आता निवृत्त झाले असून गेल्या दिवाळीत त्यांनी तीच गाडी विकायला काढली. घेणाऱ्याने तपासणीसाठी आम्हालाच बोलावले. आम्ही सकाळी सातला पोहोचलो, तेव्हा गुरुजींनी किल्ली हातात देत सांगितले की गाडी त्यांनी दोन दिवस सुरू केलेली नाही.