"कम्प्लीट हटा दीजिए": गणितातल्या पीएचडीचा माझा अनुभव

इंदूरला गणितात पीएचडी केली. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सिनॉप्सिस सगळं रीतसर झालं. विषय फिक्स्ड पॉइंट थिअरी, म्हणजे एखादी क्रिया केल्यावर जागचा न हलणारा बिंदू कधी सापडतो त्याचं गणित. प्रमेयांनी जेवढा छळ केला नाही तेवढा शेवटी सिमिलॅरिटी रिपोर्टने केला, म्हणून हे लिहिते आहे.

थीसिस जमा करण्याआधी सॉफ्टवेअरमधून जाते. आधीच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर रंगवला जातो आणि वर टक्के येतात, तोच सिमिलॅरिटी रिपोर्ट. १० टक्क्यांपर्यंत चालतं, पुढे गेलं की परत. माझा पहिलाच चॅप्टर जवळजवळ अख्खा रंगलेला! त्यात होतं काय, तर मेट्रिक स्पेसची (ज्यात अंतर मोजता येतं असा संच) व्याख्या, कॉशी सीक्वेन्सची (जिच्यातली पदं पुढे एकमेकांच्या हवी तेवढी जवळ येतात) व्याख्या आणि बानाख या गणितज्ञाचं १९२२ सालचं कॉन्ट्रॅक्शन प्रिन्सिपल: मेट्रिक स्पेस 'कम्प्लीट', म्हणजे कुठे भोक नसलेली असेल, तर अंतरं ठरावीक पटीत आखडणाऱ्या क्रियेत (कॉन्ट्रॅक्शन) एक बिंदू जागच्या जागी राहतोच. हे सगळं जगभर असंच लिहितात. आरती आपल्या शब्दांत म्हणा असं कोणी सांगतं का?

टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, "मैडम, थोड़े शब्द बदल दीजिए, कम हो जाएगा." मी 'कम्प्लीट मेट्रिक स्पेस'वर बोट ठेवलं, यातलं काय बदलू? "कम्प्लीट हटा दीजिए."

हटवून बघा! शून्य ते एकमधल्या संख्या घ्या; एक धरा, शून्य मात्र वगळा. आता प्रत्येक संख्या निम्मी करा. कोणत्याही दोन संख्यांमधलं अंतरही निम्मं होतं, म्हणजे कॉन्ट्रॅक्शन आहे. पण जागच्या जागी राहू शकला असता तो फक्त शून्य, आणि तोच तिथे नाही. फिक्स्ड पॉइंट गायब. एवढं त्या शब्दावर अडलेलं असतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःपुरता चहा मागवला.

मग खेटे. आज ऑपरेटर रजेवर, उद्या सर्व्हर बंद. गणपतीत आत्या सगळ्यांदेखत विचारणार, "काय गं, झालीस का डॉक्टर?" आणि मी मोदकात तोंड घालून बसणार.

सुटका झाली ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या प्लेजरिझमविषयक, म्हणजे वाङ्मयचौर्याच्या नियमांमुळे. त्यात स्वच्छ लिहिलंय की संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि प्रमाणित चिन्हं, समीकरणं, नियम मोजणीतून वगळायचे. सर्वसामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे जुळणारे तुकडेही धरायचे नाहीत. तेवढ्या ओळी अधोरेखित करून प्रिंट काढली, गाईडसरांचं पत्र जोडलं आणि सरळ वरच्या साहेबांपुढे ठेवलं. फिल्टर लावून रिपोर्ट पुन्हा काढला, टक्के मर्यादेत आले. थीसिसमधला एक शब्द बदलला नव्हता, हे मी अजून ऐटीत सांगते.

तुम्ही थीसिस तपासायला जाणार असाल तर ती प्रिंट पहिल्याच दिवशी घेऊन जा, आणि अर्ज लेखी देऊन पोच घ्या. तोंडी बोलण्याला तिथे शून्य किंमत. आधी छापून आलेले स्वतःचे पेपरही जुळतात बरं का. माझ्याच प्रमेयाखाली रंग बघून मी हसावं की रडावं? त्यांची यादी गाईडच्या सहीने वेगळी जोडा. अजून एक राहिलंच, लेटेकची (गणिताचा मजकूर टाइप करायचं सॉफ्टवेअर) पीडीएफ असेल तर तिच्यातला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. काही वेळा चिन्हांचा असा काला होतो की मशीन काय वाचतंय ते त्यालाच ठाऊक.

व्हायव्हा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, छान झाला. आणि हो, रिपोर्ट हातात पडेपर्यंत थीसिस बाइंडिंगला टाकू नका, बाइंडरवाला पैसे परत देत नाही.