आगरातले घर आणि रहाट

गुहागरच्या आमच्या आगरातील घर माझ्या पणजोबांनी बांधले. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, खांब ऐनाचे, तुळया फणसाच्या आणि छपरावर आधी नळीची कौले होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौले किनारपट्टीवर पसरली. ती आमच्या छपरावर आजोबांच्या काळात चढली.

तीन वर्षांपूर्वी दुरुस्ती काढली, तेव्हा पहिले काम होते आमचीच चूक निस्तरण्याचे. माजघराच्या भिंतींना ओल येते म्हणून वडिलांनी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो जमिनीतली ओल शोषतो आणि पुढे उन्हाच्या दिवसांत ती हवेत सोडून देतो. सिमेंटने ती वाट बंद झाल्यामुळे ओल आतल्या आत वर चढत गेली आणि गिलावा फुगून सुटला, तो चिऱ्याचा पापुद्रा सोबत घेऊनच. सगळा खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे दिवाळीनंतर धरलेले काम शिमग्यापर्यंत चालले. गवंडी रोज सकाळी नखाने ओरखडा काढून पाहत आणि बहुधा मान हलवून परत जात.

विहिरीवरच्या रहाटाचा खर्च मात्र हौसेचा, हे आत्याने सांगितले आणि ते खरेच आहे. रेडा गोल फिरे, त्याच्यासोबत आडवे चाक फिरे, त्याच्या दात्यांनी उभे चाक, आणि त्यावरून लोट्यांची माळ विहिरीत उतरून भरून वर येई. लोटे डोणीत रिते होत आणि पाटाने पाणी पोफळींना जाई. पंप आल्यावर हे सारे थांबले. सुताराने कुजलेले दाते बदलले, माळ नवी वळली. आता दोघांनी जोर लावला की चाक करकरत फिरते, डोणीत चार लोटे पाणी पडते आणि आम्ही दमतो. शिंपणे पंपानेच होते.

पंपाची नळी पुरताना विहिरीभोवती पहार जमिनीत शिरेना. रेड्याच्या फेऱ्यांनी तेवढे एक कडे दगडासारखे घट्ट झाले आहे. नळी आम्ही वळसा घालून नेली.